खिडकीचं ब्लाउज

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला छातीची कसली आलीय लाज, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. जळगावात आमच्या गल्लीत मी कितीतरी वर्षं ब्लाउजं शिवते आहे. कोण बाई भरली, कोण वाळली, कुणाला दिवस गेलेत, हे तिच्या नवऱ्याआधी माझ्या टेपला कळतं. बाया माझ्यापुढे पदर काढून खुशाल उभ्या राहतात आणि माप देता देता सासूच्या कागाळ्या सांगतात. अशी मी. पण दुखणं माझ्या स्वतःच्या छातीवर आलं, तेव्हा दोन वर्षं मी ते कुणालाही धडपणे दाखवलं नाही. म्हणजे दाखवलं, पण कसं दाखवलं, तेच सांगायला बसले आहे. असलं काही झालेली एखादी बाई दाराला कडी लावून हे वाचत असेल, तर तिच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

आळ कापडावर

माझी मुलगी कल्पना तेव्हा नववीत होती. उन्हाळ्याचे दिवस होते. माझ्या डाव्या छातीच्या बोंडाला खाज सुटली. तेवढ्याच जागी, दुसरीकडे कुठेच नाही. जळगावच्या उन्हाळ्यात अंगावर कापड नकोसं होतं, घामोळं असेल म्हणून मी पावडर थापली. मग तिथली कातडी लाल झाली, भेगा पडल्या, त्यातून पाणी सुटलं आणि ते वाळून खपली धरली. खपली निघायची, खाली ओलं लालभडक दिसायचं, परत खपली धरायची.

शिवणकाम करणाऱ्या बाईचं डोकं कापडाकडेच धावणार. मी ठरवूनच टाकलं की दोष टेरिकॉटनचा आहे. म्हणून सुती, टू बाय टू रुबियाचं ब्लाउज शिवलं. मग वाटलं, रुबियाचा रंग लागत असेल, म्हणून आतून पांढऱ्या मलमलचं अस्तर लावलं. मग वाटलं, मलमलला खळ असेल, म्हणून ते उकळून घेतलं. स्वतःसाठी इतकी ब्लाउजं मी उभ्या जन्मात शिवली नव्हती. कल्पना म्हणाली, "आई, तुझी काय एकटीचीच दिवाळी चालू आहे का गं?" मी हसण्यावारी नेलं. अस्तरावर पिवळा डाग पडायचा. सगळे उठायच्या आत तो धुऊन ते ब्लाउज मी साडीच्या आड वाळत घालायची.

कोपराला खाज येते असं सांगून शेजारपाजारून औषधं गोळा केली. कडुलिंबाचा पाला वाटून लावला, खोबरेल तेलात कापूर घालून लावला, हळद लावली. एकीनं बिब्बा सांगितला. कोपराला चालतो म्हणाली. मी तो छातीला लावला. त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नाहीत. ब्लाउज चिकटून बसायचं, ते पाण्यानं भिजवून सोडवावं लागायचं आणि मी तोंडात पदर कोंबून ते सोडवायची.

हे लागण होणारं असलं तर काय, ही धास्ती वेगळीच. मी माझा टॉवेल वेगळा केला, साबण वेगळा केला, कल्पनाला जवळ घेणं बंद केलं. यांच्यापासून तर लांबच राहायला लागले. माझे मालक डाळ मिलमध्ये मशीनवर होते, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत डाळीच्या पिठानं माखून घरी यायचे, आणि आंघोळ झाली की माझ्याशी चार गोष्टी बोलायचे. गरमी होते म्हणून मी कल्पनाजवळ गच्चीवर अंथरूण टाकायला लागले. पावसाळा लागल्यावर खाली आले तरी अंथरूण वेगळंच ठेवलं. यांनी काही विचारलं नाही, फक्त त्या चार गोष्टी बंद झाल्या.

ती पाटी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी कोपराचंच सांगितलं. त्यांनी कोपर उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, कोपर तर चकाचक आहे तुमचं." मी कोपर पदराखाली घेतलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुढे न विचारता म्हणाले, "कातडीच्या डॉक्टरला दाखवून या."

कातडीच्या डॉक्टरचा दवाखाना बाजारात, एका मॅचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर होता. पाटी होती: त्वचारोग आणि गुप्तरोग. दुसरा शब्द पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. खालून माझी निम्मी गिऱ्हाइकं येत-जात असतात. त्या जिन्यावर मला कुणी बघितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गल्लीत माझीच नव्हे, यांचीही अब्रू गेली असती. मी हातात ब्लाउजपीसची पिशवी घेतली, मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर बघितल्यासारखं केलं आणि मोकळं दिसल्याबरोबर जिना चढले. वर बाकावर चार पुरुष तोंडापुढे पेपर धरून बसले होते. एकाचा पेपर उलटा होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, तेवढीच काय ती सोय.

डॉक्टर वयानं लहान, स्वभावानं भला माणूस. "कुठे त्रास आहे?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हटलं, "छातीला." "दाखवा," ते म्हणाले. पडदा होता, पण तो खिडकीच्या वाऱ्यानं हलत होता, आणि कंपाउंडर आत-बाहेर करत होता. माझा हात पहिल्या हूकवर गेला आणि तिथेच राहिला. मी म्हटलं, पुढच्या वेळी येते, आणि खाली उतरले. घरी येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले. दाखवायचं तर आहे आणि दाखवता येत नाही, यापेक्षा वाईट अवस्था बाईची नसते.

रडून झाल्यावर समोर कात्री होती.

खिडकी

एक जुनं चॉकलेटी ब्लाउज घेतलं. डाव्या बाजूला, बरोबर जागेवर खडूनं खूण केली आणि गोल भोक कापलं. कडेला पायपिंग फिरवली. वरून त्याच कापडाची झाकणी शिवली, तिला वर दोन टाके आणि खाली बारीक हूक. हूक काढला की झाकणी वर होणार, दुखतं तेवढंच दिसणार, बाकी मी सगळी झाकलेली. घालून आरशात बघितलं. झाकणी बंद असली तर कुणाला कळलंही नसतं. आयुष्यात मी शिवलेलं सगळ्यात सफाईचं काम तेच, हे आज म्हणताना माझ्या अंगावर काटा येतो.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरपुढे बसले, पदर थोडा सरकवला आणि झाकणी उघडली. डॉक्टर बघतच राहिले. "हे तुम्ही शिवलंत? कमाल आहे बाई तुमची!" त्यांनाही सुटल्यासारखं झालं असणार. पुरुष डॉक्टर, समोर बाई, बाहेर बाकावर माणसं. त्यांनी टॉर्च मारला, लांबूनच बघितलं. "एक्झिमा आहे. घाबरू नका." मलम लिहून दिलं.

त्या मलमानं खपली गेली, खाज कमी झाली. मी कल्पनाला किती दिवसांनी पोटाशी धरलं. देवापुढे साखर ठेवली. मग ते परत आलं. परत खिडकी, परत टॉर्च, दुसरं मलम. थोडं बरं, परत तेच. मी मलमांच्या ट्यूब शिवणाच्या डब्यात बॉबिनांखाली लपवायची. खिडकीतून दिसायचं तेवढंच डॉक्टर बघायचे, आणि मी ती खिडकी मुद्दाम लहान ठेवली होती, चहाच्या बशीपेक्षाही लहान.

दुसऱ्या वर्षी ते बोंड हळूहळू आत ओढल्यासारखं झालं. सपाटच झालं. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "जुन्या एक्झिम्यात होतं असं." त्याच सुमाराला माझ्या ब्लाउजाचा डावा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा घेर, काचायला लागला. उजवा बरोबर बसायचा. मशीनवर डाव्या हातानं कापड ओढून ओढून दंड भरला असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि डावीकडे अर्धा इंच सोडला. थोड्या महिन्यांनी आणखी थोडा सोडला. गिऱ्हाईक असतं तर मी टेप हातातच धरून विचारलं असतं, एकच बाजू कशी काय वाढली हो?

तलावावरून परत

एक दिवस दुपारी मी मेहरूण तलावावर जाऊन बसले. घरी काही सांगितलं नव्हतं. जखमेला आता वास यायला लागला होता. मला येत होता, म्हणजे लोकांनाही येत असणार. त्या सकाळी एका गिऱ्हाइकानं माप देताना नाक वळवलं होतं. कदाचित पेट्रोलचा वास असेल, बाहेरून रिक्षा गेली होती, पण मला ते माझ्यामुळेच वाटलं. यांचं माझ्याशी बोलणं 'जेवायला वाढ' आणि 'दार लाव' एवढ्यावर आलं होतं. नवस बोलून झाले होते, उपास करून झाले होते. कुणाला सांगू, या एकाच विचारानं डोकं फुटायची वेळ आली होती.

पाण्याकडे बघत बसले होते. काय मनात होतं ते स्पष्टच सांगते, मला उठायचं नव्हतं. मग आठवलं की लग्नसराईची ब्लाउजं तशीच पडली आहेत, हूक लावायचे राहिले आहेत, आणि उद्या हळद असलेल्या मुलीचं त्यात आहे. ती बिचारी हळदीला काय घालेल? तेवढ्यासाठी मी उठले. हसू येईल तुम्हाला. माझा जीव तेव्हा त्या हूकांनाच अडकला होता. तुमचा कशाला अडकला असेल तो असो, पण तुम्ही माझ्यासारख्या एकट्या जाऊन बसू नका. कुणाला तरी हाक मारा.

अक्का

कमलअक्का म्हणजे यांची थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. आवाज असा, की हळू बोलली तरी शेजारच्या घरात ऐकू जावं. तिच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून आम्ही सगळे धुळ्याला गेलो. पिशवीत मी खिडकीचं ब्लाउज घेतलंच होतं, ते आता माझ्यासोबत सगळीकडे यायचं. त्याची झाकणी उघडून जखमेवरचं फडकं बदलणं सोपं जायचं.

लग्नघरातल्या न्हाणीला दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. मी भिंतीकडे तोंड करून आंघोळीला बसले होते. अक्का ऊन पाण्याची बादली घेऊन तडक आत आली. मी दोन्ही हातांनी झाकायला गेले, पण तिनं बघितलं. तिनं बादली खाली ठेवली, माझे हात धरून बाजूला केले. मी तिला ढकललं, तरी तिनं सोडले नाहीत.

"विमल, हाई काय शे वं? बोंड कोठे गयं?"

मी म्हटलं, एक्झिमा आहे, औषध चालू आहे.

"कितला दिन व्हयनात?"

"दोन वर्षं."

"दोन वरीस! आनि डाक्टरनी काय डोया मिटीसन देखं?"

मी तिला ब्लाउज दाखवलं. झाकणी कशी उघडते तेही दाखवलं. कमलअक्कानं ते हातात घेऊन भोकातून आपली बोटं आरपार घातली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली. "लगीन लागी जाऊ दे. तू जळगावले जावानं नही. मनासंगे चाल. बठ्ठं दखाडनं पडी."

सगळं दाखवायचं म्हटल्यावर मी तिचे पाय धरले, की यांना सांगू नका. तिनं त्याच संध्याकाळी यांना सांगितलं. मंडपात गॅसबत्त्या लागत होत्या. मी खांबाआडून बघत होते. हे खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले.

हात वर करा

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनचे जे डॉक्टर होते, त्यांचे केस पिकलेले. त्यांच्याजवळ एक सिस्टर उभी. अक्का माझ्यासोबत आत आली. डॉक्टर म्हणाले, "ताई, ब्लाउज काढा." मी खिडकीचं ब्लाउज घालूनच गेले होते. पदर सरकवला, खालचा हूक काढला, झाकणी वर केली आणि कॅलेंडर शोधायला लागले. तिथे कॅलेंडर नव्हतं.

सिस्टर वाकून बघायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"मीच."

"आणि आजवर यातूनच दाखवत होता?"

मी मान हलवली. ते रागावले नाहीत. त्यांनी रागवावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी सिस्टरला पडद्याला पिना लावायला सांगितल्या, स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "पूर्ण काढा. झालं की सांगा." माझी बोटं हूकवर चालेनात. रोज शेकड्यानं हूक लावणारी बोटं. शेवटी अक्कानं एकेक हूक काढला आणि काढता काढता म्हणत होती, "रडू नको वं, मी शे ना."

डॉक्टरांनी जखम बघितली, पण फार वेळ नाही. मग म्हणाले, "हात वर करा." त्यांची बोटं माझ्या डाव्या बगलेत गेली आणि थांबली. "ही गाठ कधीपासून आहे?"

"गाठ नाही हो," मी म्हटलं. "दंड भरलाय. मुंढा काचत होता, मी सोडलाय तो."

ते ऐकून डॉक्टरांनी हात काढला आणि टेबलावर टेकला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी किती मोठ्या संकटात आहे.

निकाल

एक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायचा होता त्या दिवशी हे मिलमधून सुट्टी काढून आले. डॉक्टरांनी त्यांनाच आत बोलावलं. मी आणि अक्का बाहेर बाकावर. बाहेर आले तेव्हा ते आमच्यासमोरून सरळ निघून गेले. परत आले तेव्हा हातात केळ्यांची फणी होती. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "खाऊन घे."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"खाऊन घे ना आधी."

मग ते बहिणीकडे वळले. घरात शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या वेळी लहानपणीच्या बोलीत म्हणाले, "माले काही सुचत नही, अक्का." आणि शर्टाच्या बाहीत तोंड लपवून रडले. सगळा व्हरांडा बघत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला." दोन वर्षं हा माणूस हे मनात ठेवून डाळीच्या पिठात उभा राहत होता. त्या दिवशी मी कॅन्सरसाठी नंतर रडले, आधी त्या वाक्यासाठी रडले.

मग मी उठून एकटीच आत गेले. विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"हो."

"कातडीचा होता ना? मग एवढा आत कसा गेला?"

"आतून बाहेर आलाय, ताई," डॉक्टर म्हणाले. "कातडीवर दिसत होतं ते त्याचं टोक. वरून मलम लावून तो जाणार नव्हता."

मी विचारलं, "कुठून कुठपर्यंत कापाल?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला असेल. त्यांनी स्वतःच्या शर्टावरून बोट फिरवलं, छातीच्या मधल्या हाडापासून तिरकं बगलेपर्यंत. सगळी बाजू. मी त्यांचा हात नीट बघून घेतला. हात थरथरत नव्हता.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही. जागी झाले तेव्हा छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि बगलेतून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलीत गेली होती. पुढे चालायला लागले की ती बाटली पिशवीत घालून सोबत न्यायची. अक्का सकाळी डबा आणायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातळ भाजी. "खाई ले वं," म्हणत घास मोडून पुढे धरायची. मला ओकारी यायची. ती तो घास स्वतः खायची आणि दुसरा पुढे धरायची.

ड्रेसिंगच्या वेळी सिस्टर पडद्याला पिना लावायची. डॉक्टरांनी एकदा सांगितलं ते तिनं लक्षात ठेवलं होतं. त्या पिनांचे उपकार मी विसरणार नाही. पट्टी पहिल्यांदा सुटली तेव्हा मी खाली बघितलं. तिथे काही नव्हतं, फक्त टाके. मोठे मोठे, काळ्या दोऱ्याचे. मी त्याहून बारीक घातले असते, असं मनात आलं आणि मग मी इतकी ओरडले की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

यानंतर सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक इंजेक्शनला धुळ्याची एसटी, मग उलट्या, मग तोंड आलेलं, आणि उशीवर केस. डावा हात वर जाईना. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता. मी उंबऱ्याशेजारच्या भिंतीवर खडूनं खूण करायची, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी हात त्या खुणेपर्यंतही पोचायचा नाही. कापड धरायलाच हात उठला नाही तर मी जगून करू काय, असं मी यांना विचारलं. यांनी माझं डागाळलेलं ब्लाउज उचललं आणि नळाखाली धुतलं. आणि अंगणात सगळ्यांसमोर वाळत घातलं.

कल्पनानं एकदा दाखव म्हणून हट्ट धरला. दाखवलं. ती टेप आणून माझं माप घ्यायला लागली. डाव्या बाजूला आम्ही कापडाची गादी केली. कापूस हलका पडत होता, ब्लाउज वर सरकायचं, म्हणून तिनं वजनाला त्यात मोहरी भरली. उन्हाळ्यात घामानं मोहरीचा वास येतो. गल्लीत कुणाकडे लोणचं घालताहेत का, असं एकीनं विचारलं, तेव्हा आम्ही मायलेकी पोट धरून हसलो.

पण भीती गेलेली नाही. तपासणीला जाते, डॉक्टर बगल चाचपतात, तेवढा वेळ माझा श्वास बंद असतो. उजव्या बाजूला डास चावला तरी मी आरशापुढे जाते. हे असंच चालणार आहे, मला माहीत आहे.

सावद्याची बाई

इथेच लिहिणं संपवणार होते. पण मागच्या आठवड्यात दुपारी एक बाई आली. तिशीची असेल. पदर गळ्याभोवती घट्ट धरलेला, नजर माझ्या मशीनच्या चाकावर.

"तुमीच का वं त्या ब्लाउजवाल्या बाई? मी सावद्याहून आली."

एवढ्या लांबून ब्लाउज शिवायला कोण येतं? मी तिला पाणी दिलं. तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला.

"मले त्या बाजारातल्या डॉक्टरनं सांगतलं, का तुमी खिडकीचं ब्लाउज शिवून देता म्हनून. मले बी तसंच एक पाह्यजे. लय लाज वाटते वं माय. घरी कोनालेच सांगतलं नाही."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. मलमवाल्या डॉक्टरांना माझं पुढे काय झालं, ते मी कधी कळवलंच नव्हतं. त्यांना अजून तेच ब्लाउज आठवत होतं, आणि माझी हुशारी.

"किती दिवसांपासून आहे?" मी विचारलं.

"केळी निघाल्या तवापासून. चीक लागला असंन केळीचा, अशी समजली मी."

मी कापड समजले, ती केळीचा चीक समजली. मी उठून दार लावलं. तिला वाटलं, माप घ्यायला लावते आहे. ती हात बाजूला करून उभी राहिली, पदर मात्र तसाच घट्ट. काय सांगू तिला, मला कळेना. मला डॉक्टरकी येत नाही. तिला कदाचित साधा एक्झिमाच असेल, माझ्या बोलण्यानं ती उगाच भीतीनं मरेल. आणि नसला तर?

मग मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या ब्लाउजाचे हूक काढले. वरून खालपर्यंत, सगळे. मोहरीची गादी काढून मशीनवर ठेवली. मधल्या हाडापासून बगलेपर्यंतची ती तिरकी रेघ तिनं बघितली. तिनं नजर वळवली नाही. तिचा हात पदरावरून सुटला आणि ती खाली बसली.

"मी खिडकीतूनच दाखवत होते," मी म्हटलं. "उद्या सकाळी धुळ्याची एसटी आहे. मी येते तुझ्यासोबत. तिथे पडद्याला पिना लावतात."

ती बराच वेळ रडली. मी तशीच उघडी तिच्याजवळ बसून राहिले. मग तिनं डोळे पुसले आणि लहान मुलीसारखं विचारलं, "मंग मी घालून काय येऊ?"

"काहीही घाल," मी म्हटलं. "फक्त पुढून हूक असलेलं. सगळे निघतील असं."